लोकरीचं लिक्विड डाग काढतं का? हळद, तर्री आणि स्ट्रॉबेरीवर घेतलेली परीक्षा

थंडी पडायला लागली की साताऱ्यात मोती चौकापासून पोवई नाक्यापर्यंत कुठल्याही किराणा दुकानात लोकरीच्या लिक्विडच्या बाटल्या पुढच्या फळीवर येतात. 'स्वेटरचं ईझी द्या' असं म्हटलं की गोदरेजची बाटली मिळते, नाहीतर तिच्या शेजारची दुसरी कुठलीतरी. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखीच वाटतात. शिवाय सुट्टं लिक्विड कॅनमधून भरून देणारी दुकानं आहेतच. बाटली घरी आली की स्वेटर, शाल, मफलर एकदमच बादलीत जातात आणि डाग पडलेला स्वेटरही त्यांच्याबरोबर बुडतो. डाग पक्का होण्याची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते.

निकाल आधीच सांगतो. लोकर धुवायला हे लिक्विड उत्तम आहे, त्याला घरात तोड नाही. डाग काढायला मात्र ते एकटं पुरत नाही. तेलाच्या आणि मळाच्या डागावर ते चालतं, हळद, शाई, कात यांच्यावर जवळजवळ नाही. डाग आधी त्याच्या जातीप्रमाणे काढायचा आणि मग कपडा लिक्विडमध्ये घालायचा. हा क्रम उलटा झाला की महाग बाटलीसुद्धा काही करू शकत नाही.

याचं कारण लोकरीतच आहे. लोकर म्हणजे केरॅटिन, आपल्या केसांत असतं तेच प्रथिन. प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, क्षार आणि चोळणं ही तिन्ही एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात, लोकर आटते आणि घट्ट होते. ती पुन्हा सैल होत नाही. क्षाराने केरॅटिन कमजोरही होतं, म्हणून धुण्याचा सोडा, कपड्याची साबणवडी आणि नेहमीची वॉशिंग पावडर यांतली एकही लोकरीला चालत नाही. क्लोरीनच्या ब्लीचची तर बातच नको, ते लोकर आधी पिवळी करतं आणि मग विरघळवून टाकतं. एन्झाइम असलेले डिटर्जंट कॉटनवरचे रक्ताचे, दुधाचे डाग छान काढतात, कारण त्यांतलं एक एन्झाइम प्रथिनंच तोडतं. लोकरही प्रथिनच आहे. एका धुण्यात काही दिसत नाही, पण वारंवार धुतलं की कोपरं आणि काखेजवळचा भाग विरळ होत जातो. बाटली घेताना मागच्या बाजूला 'एन्झाइम' हा शब्द आहे का, तेवढं बघून घ्यावं.

बाटली खरी की नुसता रंगीत साबण?

ही परीक्षा सांगलीच्या हळदीवर घरबसल्या होते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डाग पाडणारी हीच हळद इथे उपयोगी पडते. अर्धा चमचा हळद मेडिकलमधल्या दोन चमचे स्पिरिटमध्ये ढवळायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पिवळं पाणी पांढऱ्या टिश्यू पेपरवर पसरून वाळवायचं. कागद पिवळाधमक होतो. आता अर्धा कप पाण्यात चमचाभर लिक्विड मिसळून त्याचा एक थेंब कागदावर टाकायचा. कागद पिवळाच राहिला तर लिक्विडमध्ये लोकरीला बाधेल इतका क्षार नाही. विटकरी लाल झाला तर लिक्विड क्षारी आहे, मग बाटलीवर मेंढीचं चित्र असो नाहीतर स्वेटरचं.

ही परीक्षा करताना साध्या पाण्याचा थेंब शेजारी जरूर टाकावा. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत बोअरचं पाणी जड असतं, आणि अशा पाण्यात थोडा क्षारीपणा असूच शकतो. पाण्यानेच कागद लालसर झाला तर दोष लिक्विडला देऊ नये. थेंब ओला असतानाच रंग बघायचा.

या कागदावर वॉशिंग पावडर आणि भांड्याची वडी लगेच लाल उमटतात. केसांचा साधा शाम्पू पिवळाच राहतो, म्हणून लिक्विड संपलं असेल तेव्हा बिनरंगी शाम्पू वापरलेला चालतो. कॅनमधल्या सुट्ट्या लिक्विडबद्दल मात्र सरसकट बोलता येत नाही. बरंचसं कॉस्टिकवर बनवलेलं असतं आणि एका खेपेचं दुसऱ्या खेपेसारखं असेलच असं नाही. लोकरीसाठी ते घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. वाचलेल्या पैशांपेक्षा एका स्वेटरची किंमत जास्त असते.

तर्री

मिसळीची तर्री म्हणजे एका डागात तीन डाग: वर तेल, तेलात विरघळलेला मिरचीचा लाल रंग आणि खाली हळद. आधी तेल काढायचं. डाग पडल्यापडल्या पाणी लावायचं नाही, चोळायचं तर अजिबात नाही. बोथट सुरीने किंवा चमच्याच्या कडेने वरचा रस्सा उचलून घ्यायचा आणि डागावर कॉर्नफ्लोअर किंवा साधी टाल्कम पावडर जाडसर पसरायची. अर्ध्या तासात पावडर केशरी होते. ती हलक्या ब्रशने झटकायची आणि नवी घालायची. पावडरीवर रंग उमटायचा थांबेपर्यंत हेच करायचं. मैदा घेऊ नये, तो ओला झाला की चिकट लगदा होऊन तंतूंत बसतो.

आता लिक्विडची पाळी. न मिसळलेल्या लिक्विडचे चार-पाच थेंब डागावर टाकायचे, बोटाच्या टोकाने दाबत आत जिरवायचे आणि दहा मिनिटं ठेवायचं. कपड्याच्या खाली पांढरं सुती फडकं हवं, म्हणजे सुटलेला रंग खाली उतरतो, शेजारी पसरत नाही. मग ओल्या फडक्याने बाहेरून आत टिपत यायचं. मधून बाहेर टिपलं की डाग मोठा होतो. इथपर्यंत लिक्विड आपलं काम चोख करतं. तेल गेल्यावर मागे जी पिवळी सावली राहते ती हळदीची, आणि तिथे त्याचा उपयोग संपतो.

हळद

हळदीचा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. शिवाय रंग पक्का करायला वापरतात त्या तुरटीबिरटीशिवायही लोकर हा रंग सहज धरते. म्हणून कॉटनच्या सदऱ्यावरची हळद दोन-चार धुण्यांत फिकी पडते आणि लोकरीवरची तशीच राहते.

मेडिकलमधून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावं. सर्जिकल स्पिरिटही चालतं, पण काही स्पिरिटमध्ये थोडं एरंडेल मिसळलेलं असतं, त्याचं तेलकट कडं मागे राहू शकतं. सॅनिटायझरची जेल नको, तिच्यातला चिकट भाग तंतूंत बसतो. आधी आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून पांढऱ्या फडक्याने दाबून बघायचं. स्वेटरचाच रंग फडक्यावर आला तर इथेच थांबायचं, हे काम आता ड्रायक्लीनवाल्याचं. रंग आला नाही तर खाली फडकं ठेवून स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने डाग टिपायचा. कापूस पिवळा झाला की बदलायचा, खालच्या फडक्याची जागाही सरकवत राहायची. ताज्या डागाला दहा-बारा बोळे सहज लागतात. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद हवा, स्पिरिट पेट घेतं.

उरलेली सावली उन्हावर सोडायची. कर्क्युमिन उजेडात उडतं. पण पांढरी लोकर फार वेळ उन्हात ठेवली तर ती स्वतःच पिवळी पडते. म्हणून डागाची जागा किंचित ओली करून तेवढीच उघडी ठेवायची, बाकीचा कपडा फडक्याने झाकायचा आणि सकाळच्या उन्हात तासभर ठेवून बघायचं. एका उन्हात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दिवसभर टाकून विसरायचं नाही.

हळदीवर चुकून साबण लागला आणि डाग लाल झाला तर घाबरून चोळायला जाऊ नये. मघाच्या कागदावर झालं तेच इथे होतं. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टिपलं की तो पुन्हा पिवळा होतो आणि मग स्पिरिट लावता येतं. लाल असताना स्पिरिट लावलं तर साबणाचा क्षार तसाच लोकरीत राहतो.

स्ट्रॉबेरी

महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि हंगाम नेमका स्वेटरच्याच दिवसांत येतो. पाचगणीच्या निवासी शाळांतल्या मुलांच्या स्वेटरवर हा डाग हमखास असतो. स्ट्रॉबेरीचा लाल रंग अँथोसायनिनचा. आंबट पाण्यात तो लाल आणि सुटा राहतो, क्षारात निळसर-करडा होतो. साबणाने धुतल्यावर 'डाग काळा पडला' म्हणतात तो हाच प्रकार.

ताज्या डागावर गार पाणी टिपायचं, तेही भरपूर. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी. व्हिनेगर रंगहीनच घ्यायचं, तपकिरी नको. व्हिनेगर लावून पाच मिनिटं थांबायचं, टिपायचं, शेवटी लिक्विडचे दोन थेंब आणि पुन्हा गार पाणी. क्रीम आणि मिल्कशेक सांडला असेल तर त्यात तूप-साय असते, तिथे आधी लिक्विड आणि मग व्हिनेगर. वाळून आठवडा झालेल्या डागावर एक भाग स्पिरिट आणि तीन भाग पाणी लावून बघावं, रंगाची चाचणी घेऊनच.

पांढऱ्या किंवा साईच्या रंगाच्या लोकरीवर तरीही गुलाबी छटा उरली तर हायड्रोजन पेरॉक्साइड हा शेवटचा उपाय. मेडिकलमध्ये ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. त्यात तितकंच पाणी घालायचं, कापसाने फक्त डागावर लावायचं, पाच ते दहा मिनिटांत भरपूर गार पाण्याने काढून टाकायचं. त्यात सोडा किंवा अमोनिया मिसळायचा नाही आणि रंगीत लोकरीला हे लावायचंच नाही, डागाच्या जागी पांढरा ठिपका मिळेल.

बाकीचे डाग

चहा दुधाचा असेल तर गार पाणी, मग लिक्विड, मग व्हिनेगर. बिनदुधाच्या चहाला व्हिनेगर आणि स्पिरिट समभाग. जुन्या चहाच्या डागावर ग्लिसरीन तासभर लावून ठेवलं तर तो मऊ होतो. रक्ताला फक्त गार पाणी आणि लिक्विड. कोमट पाण्यानेही रक्त धरायला लागतं. बॉलपेनच्या शाईला हळदीसारखंच स्पिरिट. कंदी पेढ्याच्या तुपाला पावडर आणि लिक्विड पुरतं, कानटोपीच्या खोबरेल तेलालाही.

उसाच्या रसाचा डाग मात्र फसवा आहे. वाळला की दिसतच नाही, म्हणून कपडा तसाच इस्त्रीला जातो आणि इस्त्रीखाली साखर करपून तपकिरी ठिपका उठतो. मग तो जाणं कठीण. रस सांडला हे माहीत असेल तर डाग दिसो न दिसो, ती जागा गार पाण्याने धुवायचीच.

पानाच्या पिचकारीला खरं उत्तर नाही. चुना क्षारी आणि कात स्वतःच पक्का रंग. व्हिनेगरने चुना मारता येतो, कात फिका होतो, पूर्ण जात नाही.

ऑक्सिजन पावडर आणि रीठा

डागांसाठी म्हणून मिळणारी ऑक्सिजन पावडर कॉटनवर चांगली, पण तिच्यात पेरॉक्साइडबरोबर सोडा असतो. अशा डब्यांवर बारीक अक्षरात लोकर आणि रेशमाला वापरू नका असं लिहिलेलं असतं. ते वाचावं आणि पाळावं.

रीठा आमच्या मते कमी लेखला जातो. रीठ्याचं पाणी सौम्य आम्लाकडे झुकलेलं असतं, त्यामुळे लोकर छान मऊ राहते. पाच-सहा रीठ्यांच्या बिया काढून टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी पाच-दहा मिनिटं उकळायची, गार करून दुपदरी फडक्यातून गाळायची. हे पाणी चार लिटर पाण्यात मिसळलं की दोन स्वेटर होतात. गाळणं नीट झालं नाही तर टरफलाचे कण विणीत अडकतात. उणीव दोन ठिकाणी आहे: तेलाच्या डागावर ते लिक्विडपेक्षा कमजोर पडतं आणि पांढऱ्या लोकरीला तपकिरी झाक येते. गडद शाली, मफलर यांना जरूर वापरावं.

डाग गेल्यावरचं धुणं

पाच लिटर कोमट पाण्यात साधारण दहा मिलिलिटर लिक्विड, किंवा बाटलीवरचं माप. जास्त घातल्याने कपडा जास्त स्वच्छ होत नाही, फेस काढायला जास्त पाणी लागतं आणि तेवढा वेळ लोकर ओली राहते. ओली लोकर कमजोर असते. पाणी हाताला ना गार ना गरम, साधारण ३० अंशांपर्यंत. खळबळायचं पाणीही तितकंच कोमट ठेवायचं. डिसेंबरात टाकीचं पाणी बर्फासारखं असतं, तेव्हा गीझरचं थोडं मिसळून दुसरी बादली आधीच भरून ठेवावी. कपडा उलटा करून पाच मिनिटं बुडवायचा, दाबून सोडायचं. पिळायचं नाही, एका खांद्याला धरून उचलायचं नाही, दोन्ही हातांवर घेऊन उचलायचं. दोनदा खळबळून तिसऱ्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की उरलेला साबण निघतो. मग जाड टॉवेलवर पसरून गुंडाळी करायची, वरून दाबायचं आणि सावलीत सपाट वाळत घालायचं. दोरीवर टाकलेला हातविणीचा स्वेटर लांबतो आणि दोरीची खूण खांद्यावर राहते.

हे सगळं खऱ्या लोकरीसाठी. बाजारातले बरेच स्वेटर ॲक्रिलिकचे असतात आणि त्यांचं दुखणं वेगळं. आतल्या शिवणीतून एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक गोळी झाली तर ॲक्रिलिक, त्याला पाण्याची आणि लिक्विडची इतकी काळजी नको, इस्त्री मात्र जपून.

घोंगडीचा हिशोब आणखी वेगळा. माण-खटाव, जत भागातल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी राठ असते आणि विणल्यावर तिला चिंचोक्याची खळ देतात. डागासाठी सगळी घोंगडी भिजवली तर खळ उतरते, घोंगडी लिबलिबीत होते आणि तिचा कडकपणा परत येत नाही. काळी लोकर मूळचीच काळी असेल तर रंग जायची भीती नसते, त्यामुळे डागापुरतं लिक्विड आणि ओलं फडकं पुरतं. वाळल्यावर काठीने झटकायची. माती-शेणाचा डाग ओला असताना हात लावू नये, वाळला की निम्मा ब्रशनेच निघतो.

ड्रायक्लीनला कधी द्यावं

कोट, ब्लेझर, अस्तर असलेला कुठलाही कपडा, पश्मिना, जरीची शाल आणि शिवणीवर रंग सोडणारा स्वेटर यांवर घरी प्रयोग करू नयेत. अस्तर आणि लोकर वेगवेगळी आटतात आणि ब्लेझरचं पुढचं पान फुगतं. आतल्या पट्टीवर वर्तुळात पी किंवा एफ असेल तर ड्रायक्लीन चालतं, बादलीवर फुली असेल तर पाणी नको.

ड्रायक्लीन म्हणजे सगळ्या डागांचा नाश नव्हे. त्यातला द्रव तेल, तूप, मेण झकास काढतो, पण साखर, चहा, स्ट्रॉबेरी यांना पाण्याचाच हात लागतो. ते काम कारागीर मशीनआधी ब्रश आणि पाण्याने करतो, आणि त्यासाठी डाग कशाचा ते त्याला कळायला हवं. कपडा देताना डागाभोवती पांढऱ्या धाग्याचा सैल टाका घालावा आणि चिठ्ठीवर लिहावं: कशाचा डाग, किती दिवसांचा, घरी काय काय लावलं. व्हिनेगर किंवा पेरॉक्साइड लावलं असेल तर ते लपवू नये, त्यावर पुढचं रसायन ठरतं. 'डाग काढा' इतकंच सांगितलं तर कपडा सरळ मशीनमध्ये जातो, आणि वाळवताना व इस्त्रीत डाग आणखी धरतो.

कपडा घ्यायला गेल्यावर डागाची जागा दुकानातच उजेडात धरून बघावी, इस्त्री झाली असली तरी. घरी आणल्यावर प्लास्टिकचं आवरण काढून कपडा वाऱ्यावर दिवसभर टांगावा, वास गेला की सुती पिशवीत ठेवावा. ट्रंकेत ठेवायच्या आधी एकही खाण्याचा डाग राहू देऊ नये. कसर लागते ती बहुतेक आधी त्याच जागी, आणि मार्चमध्ये दिसत नसलेला डाग नोव्हेंबरात भोक होऊन समोर येतो.